सही नसलेला आकार

1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत समुद्रातली मासेमारी बंद असते आणि सातपाटीच्या बोटी खाडीकाठी चिखलाबाहेर ओढून ठेवलेल्या असतात. वर ताडपत्री, खाली लाकडी टेकू. एरवी पाण्याखाली असणारे बोटीचे पोट नीट पाहायला मिळते ते याच दोन महिन्यांत. मी बोईसरला राहते. पालघरला उतरून सातपाटीची गाडी धरली की बंदर लांब नाही. गेली काही वर्षे दर पावसाळ्यात एकदा तरी जाते आणि उरलेल्या लाकडी बोटी शोधते. फायबरच्या रांगेत त्या आता चुकूनमाकूनच दिसतात.

अशाच एका बोटीच्या नाळेवर हात ठेवला आणि तो न उचलता मागे मागे चालत गेले. नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक, दोन्ही बाजूंच्या फळ्या जिथे एकमेकींना येऊन भेटतात ती जागा. तिथे तळहात उभा राहतो. दोन पावले पुढे गेले की तो तिरका व्हायला लागतो, मधोमध पोटाखाली पोचेपर्यंत जवळजवळ आडवा पसरतो आणि मागच्या टोकाकडे पुन्हा सावरून उभा होतो. कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. डोळ्यांना फळ्या वेगवेगळ्या मोजता येतात, हाताला मात्र सलग एकच अंग लागते. पावसाने लाकूड फुगले होते आणि जुन्या रंगाचे पापुद्रे बोटांना चिकटत होते.

त्या बोटीवर लिहिलेले सगळे मी वाचून काढले. सरकारी नोंदणीचा क्रमांक होता. देवीचे नाव होते. मालकाच्या नातवंडांची नावे हौसेने रंगवलेली होती. बोट घडवणाऱ्याचे नाव नव्हते. ते मला आजवर कुठल्याच बोटीवर दिसलेले नाही.

ही गोष्ट मनाला लागली ती एका अगदी लांबच्या कारागिराबद्दल वाचताना. समुद्राच्या लाटेवर उभे राहून घसरत येण्याची फळी असते, तिला सर्फबोर्ड म्हणतात आणि तिला आकार देणाऱ्याला शेपर. अमेरिकेतला होबी ऑल्टर हा या धंद्यातला फार मोठा माणूस. 1933 चा जन्म. 1950 मध्ये कॅलिफोर्नियात लगुना बीचला वडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने इक्वेडोरहून येणाऱ्या बाल्सा लाकडाच्या फळ्या तासायला सुरुवात केली. 1954 मध्ये त्याने डाना पॉइंटला स्वतःचे दुकान थाटले, आणि 1958 च्या सुमारास गॉर्डन क्लार्क या सहकाऱ्याबरोबर लाकूड सोडून पॉलीयुरेथेनच्या फोमची फळी बाजारात आणली. पुढे तो होड्यांकडे वळला. त्याची 'होबी कॅट' ही दोन पोटांची शिडाची होडी जगभर गेली. त्यातला 'कॅट' म्हणजे कॅटामरान, आणि तो शब्द आपल्या तमिळ किनाऱ्यावरच्या 'कट्टुमरम'वरून गेलेला आहे. बांधलेली लाकडे, एवढाच त्याचा साधा अर्थ. 2014 मध्ये होबी गेला तेव्हा मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर लिहिले.

शेपरची एक रीत आहे. फळी तासून झाली की तो तिच्या अंगावर पेन्सिलीने मापे लिहितो आणि सही करतो. मग वरून काचतंतूचे कापड आणि रेझिनचा थर चढतो. सही त्या पारदर्शक थराखाली कायमची राहते. फळी मोडली तरी सही वाचता येते. जुन्या फळ्यांचे संग्राहक आधी ती सही शोधतात.

आमच्याकडे घडवणाऱ्याने सही केली नाही. मग त्याने मागे काय ठेवले?

आधी बोटीच्या त्या आकाराबद्दल सांगायला हवे. डहाणूपासून अर्नाळ्यापर्यंतचा आपला समुद्र लाटांवर खेळण्याचा नाही. इथे समुद्राखालची उथळ जमीन पश्चिमेकडे तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलेली आहे, लांबून आलेल्या लाटेचा जोर तिच्यावरच जिरतो. उलट भरती-ओहोटीतला फरक मुंबईहून उत्तरेला जावे तसा वाढत जातो आणि खंभातच्या आखातात दहा मीटरच्या पुढे जातो. ओहोटी लागली की सातपाटी-मुरब्याची खाडी उघडी पडते आणि बोट चिखलावर बसते. सहा तासांनी पाणी येते आणि तिला पुन्हा उचलते. रोज दोनदा. ज्या बोटीला असे बसायचे-उठायचे आहे तिचा कणा सरळ हवा, नाहीतर ती कलंडेल. पोट रुंद हवे, म्हणजे चिखलावर भार पसरेल आणि पापलेटची जाळी, बर्फ आणि आठवडाभर समुद्रात राहणारे खलाशी त्यात मावतील. आणि नाळ बेताची टोकदार हवी, कारण पाणी कापायचेही आहे आणि पुढच्या अंगाला तरंगण्याची ताकदही हवी आहे.

मत्स्यसंशोधनाच्या जुन्या इंग्रजी नोंदींत पश्चिम किनाऱ्यावरच्या होड्यांची वर्गवारी केली आहे. तिथे 'सातपाटी पद्धतीची' होडी वेगळी काढली आहे, आणि तिची ओळख हीच सांगितली आहे: मध्यम टोकदार नाळ, सरळ कणा, रुंद पोट. दक्षिणेकडच्या पत्तेमारी जहाजाचा कणा मात्र मधोमध आत वळलेला, कारण तिला खोल पाण्यातून शिडावर लांब मजल मारायची. कण्याच्या एका रेषेवरून कुठली खाडी, कुठले पाणी ते कळते.

म्हणजे शास्त्रज्ञांनी त्या आकाराला नाव दिले, आणि ते गावाचे दिले. मला यात खोट दिसत नाही. तो आकार एका माणसाने एका दिवशी काढलेला नव्हताच. कुणीतरी पोट अंगठ्याएवढे वाढवले, समुद्रावरून आलेल्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, सांगितले की मागून पाणी घेते, पुढच्या बोटीला ते आवरले. अशा पिढ्या गेल्या. पण त्या पिढ्यांतली माणसे खरी होती, त्यांना नावे होती, आणि ती आज कुणाला सांगता येत नाहीत. याचे मला वाईट वाटते.

ते काम कसे चाले हे पाहिलेली माणसे अजून आहेत. सातपाटीतच एका वयस्क मिस्त्रींजवळ मी दोन-तीन पावसाळे जाऊन बसले. त्यांना आपले नाव छापून यायला नको होते, म्हणून ते देत नाही. मी त्यांना काका म्हणते. काकांनी आयुष्यात कागदावर एकही बोट काढली नाही. मालकाने लांबी सांगायची, बाकीचे सगळे प्रमाण डोक्यात. मोजायला गज आणि तसू, चोवीस तसूंचा एक गज. आधी कणा मांडायचा. जुन्या भाषेत त्याला पठाण म्हणत. त्याला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचा. मग पुढे नाळ उभी करायची, मागे दुसरा खांब. इथपर्यंत दिसतो तो नुसता सांगाडा, पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे बोट चांगली की वाईट ते तेवढ्यातच ठरून गेलेले असते.

मला सगळ्यात आवडला तो वाकांचा शोध. वाक म्हणजे बोटीच्या बरगड्या. सरळ लाकूड कापून वळण काढले तर त्याचे तंतू तुटतात आणि लाटेच्या माराने ते तिथेच चिरते. म्हणून वाकासाठी झाडावरच वाकलेली फांदी लागते, तंतू वळणाबरोबर वळलेले. फळ्यांना साग, वाकांना बाभळीसारखे चिवट लाकूड. मनोर-वाड्याकडच्या वखारीत लोक सरळसोट सोट निवडत फिरायचे. काका मात्र बाजूच्या ढिगाऱ्यात, जळणात जाईल अशा वेड्यावाकड्या लाकडांपाशी बसायचे. एकेक तुकडा उचलून हवेत धरायचे, एक डोळा मिटायचे आणि तो कितव्या वाकाचा ते ठरवायचे. हे सांगताना काकांनी माझ्यासमोर अंगणात पडलेली शेवग्याची वाकडी फांदी उचलली, डोळ्यासमोर धरून फिरवली आणि नकारार्थी मान हलवून खाली ठेवली. शेवग्याचा काही उपयोग नाही हे त्यांना अर्थातच ठाऊक होते. हाताची सवय गेली नव्हती.

मग वाकस. सुताराचे ते हत्यार आडव्या पात्याचे असते, पायाच्या बोटांपासून चार अंगुळांवर पडते आणि तिथून लाकडाची सालपटे उडवत मागे सरकते. रंधा त्याच्या नंतर. फळी फळीला बसली की मधल्या फटीत कापूस ठासायचा, पिळून, ओळीने, हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी. ठोक्याचा आवाज बदलला की फट भरली. पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेल खलून त्याचा लेप, नाहीतर खारे पाणी पोसते तो किडा सागालाही आतून चाळणीसारखा करतो. वरच्या भागाला माशाचे तेल. त्या वासाची बोट मी लहानपणी केळव्याला पाहिली आहे.

हवाई बेटांवरच्या जुन्या फळ्यांबद्दल थॉमस थ्रम याने 1896 मध्ये प्रसिद्ध केलेली एक हकीकत आहे. फळीसाठी झाड तोडण्याआधी कारागीर त्याच्या बुंध्याशी एक लाल मासा ठेवी, झाड पाडल्यावर मुळांत खड्डा करून तो प्रार्थनेसह पुरी. मग फळी तासायची, पोवळ्याच्या खरखरीत दगडाने घासायची, काळी रंगवायची आणि शेवटी कुकुई नावाच्या फळाचे तेल चोळायचे. पॅसिफिकच्या मधोमध राहणाऱ्या त्या माणसाने झाडाला मासा दिला, आमच्या माणसाने कण्याला नारळ दिला, आणि दोघांनीही शेवटचा हात तेलाचा फिरवला.

लाकडाला सही नव्हती असे सरसकट म्हणायलाही मी तयार नाही. आपल्या किनाऱ्यावर जहाजे बांधण्याची परंपरा जुनी आहे. विरारजवळचे आगाशी हे लाकडाच्या आणि जहाजबांधणीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते, आणि 1530-31 मध्ये पोर्तुगीजांनी ते दोनदा लुटले. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने दीडशे वर्षे जहाजे बांधली. त्यांतले 'ट्रिंकोमाली' 1817 मध्ये पाण्यात उतरले आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते तरंगते आहे. त्या घराण्यातल्या जमशेदजी बमनजींबद्दल असे सांगतात की 1800 च्या सुमारास 'कॉर्नवॉलिस' हे जहाज बांधताना त्यांनी तळाच्या आतल्या तुळईवर कोरून ठेवले, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे. पुढे कधीतरी दुरुस्तीला तळ उघडला तेव्हा ती अक्षरे दिसली. ही सहीच आहे. काचेच्या थराखालच्या पेन्सिलीसारखी, पण जास्त धगीची.

सातपाटीला मोठा बदल 1950 च्या दशकात आला. मुंबई राज्याने होड्यांना इंजिने बसवायला मदत सुरू केली, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नौकातज्ज्ञ भारतात आले, सातपाटीत मच्छीमारांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. सहकारी सोसायट्या आधीपासून जोरात होत्या, त्यामुळे इंजिनाचे कर्ज आणि डिझेल दोन्ही माणसांच्या आवाक्यात आले. या इतिहासात तज्ज्ञ सापडतात, योजना सापडतात, रकमा सापडतात. मिस्त्रीने काय केले ते कुठे सापडत नाही, आणि खरे अवघड काम त्याच्याकडे होते. शिडाची होडी वारा वरून ओढतो. इंजिन तिला मागून ढकलते आणि सतत थरथरवते. मागचा खांब जाड करायचा, त्यातून पंख्याच्या दांड्यासाठी आरपार भोक पाडायचे आणि ते केसभरही वाकडे जाता कामा नये, इंजिनाच्या बैठकीसाठी वाकांवर लांब तुळया घालायच्या, आणि मागचे पोट असे आवरायचे की पंख्याला पाणी मोकळे मिळेल. हे सगळे त्याने केले आणि नाळ, कणा, पोट यांची ओळख पुसू दिली नाही. डोलकाठी हळूहळू आखूड झाली आणि गेली. आकार राहिला.

त्या आकाराच्या बोटींनी सातपाटीला पापलेटचे गाव केले. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला.

आता फायबर. सागाचा भाव मालकाला झेपेना, लाकडी बोटीची दरवर्षीची डागडुजी परवडेना, आणि फायबरची बोट हलकी, किडा न लागणारी. माझा तिच्यावर राग नाही. ज्याला कर्ज फेडायचे आहे त्याने लाकूड का वापरावे हे मी घरात बसून सांगणे बरोबर नाही. सर्फबोर्डांचे हेच झाले, पन्नास वर्षे आधी. बाल्सा गेले, फोम आणि काचतंतू आला. मग गॉर्डन क्लार्कची कंपनी इतकी मोठी झाली की अमेरिकेतले बहुतेक शेपर तिच्याच फोमच्या लाद्यांवर अवलंबून राहिले, आणि 5 डिसेंबर 2005 ला तिने एकाएकी कारखाना बंद केला तेव्हा हात असूनही त्यांच्यापुढे तासायला काही उरले नाही. लाकूड झाडावर येते, लादी एका दारातून येते. फायबरकडे जाताना हे लक्षात ठेवलेले बरे. घासताना उडणारी काचेची पूड आणि रेझिनचा उग्र वास यांचेही तसेच. बोटी घासणारी पोरे तोंडाला रुमाल बांधून ते काम करतात आणि रुमालाने ती पूड अडत नाही. त्यांना नीट मुखवटे मिळायला हवेत.

फायबरची बोट बनते साच्यावर. साचा बनतो एका मूळ बोटीवरून. चांगली चालणारी लाकडी बोट निवडायची, तिच्या फटी बुजवायच्या, घासून आरशासारखी करायची, मेण लावायचे आणि तिच्यावर काचतंतू-रेझिनचा जाड थर चढवून तो उलटा काढायचा. तो झाला साचा. मग त्यातून हव्या तितक्या बोटी. हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. वाकसाने तासलेला, तळहाताने पारखलेला पोटाचा उतार रेझिनमध्ये जसाच्या तसा उतरतो. कुणा मिस्त्रीने नाळ अर्धा तसू उजवीकडे कलती ठेवली असेल तर साच्यातून निघालेली प्रत्येक बोट तशीच कलती येणार.

नाव राहणे शक्य आहे, हे गोव्याने दाखवले. दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात नौदलासाठी 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली गेली. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर फायबर, म्हणजे सुताराचा हात आणि नवा माल एकाच अंगात. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता. त्याच कारखान्यातल्या 'तारिणी'तून 2017-18 मध्ये नौदलातल्या सहा स्त्रिया जग फिरून आल्या. या सफरींवर लिहिणारे दांडेकरांचे नाव घेतात, कारण दोंदे यांनी ते पुन्हा पुन्हा घेतले. काथ्याने शिवलेल्या 'कौंडिण्य' जहाजाच्या वेळीही, ते 21 मे 2025 ला कारवारला नौदलात दाखल झाले तेव्हा, केरळचे मुख्य कारागीर बाबू शंकरन यांचे नाव सरकारी पत्रकात होते. एवढेच हवे असते. एक ओळ.

आमच्या किनाऱ्यावर सध्या वेगळ्या ओळी लिहिल्या जात आहेत. तारापूरच्या अणुवीज केंद्राने 1969 मध्ये वीज द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या विस्तारात अक्करपट्टी, पोफरण ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली, आणि 2022 मध्ये लवादाने मोठी भरपाई बसवली. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, खर्च 76,220 कोटी रुपये. समुद्रात भर घालून जमीन तयार होणार आहे. बंदराच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारी माणसे माझ्या ओळखीत दोन्हीकडे आहेत आणि पोटापाण्याची काळजी दोघांनाही आहे. मला भीती आहे ती पाण्याची. किनाऱ्याची रेषा बदलली की गाळ कुठे बसेल आणि कुठल्या खाडीचे तोंड बुजेल ते बदलते. सातपाटीची खाडी आधीच गाळाने इतकी भरली आहे की भरती पाहूनच बोट आत घ्यावी लागते. सरळ कणा आणि रुंद पोट या खाडीने घडवले. खाडीच वेगळी झाली तर तो आकार कुणाच्या कामाचा?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. उरलेल्या लाकडी बोटी मोडून त्यांची लाकडे मुंबईच्या फर्निचरवाल्यांकडे जाण्याआधी त्यांची मापे कुणीतरी घ्यावीत. मत्स्यविभागाने घ्यावीत, सोसायट्यांनी घ्यावीत, पालघरच्या कॉलेजातल्या मुलांनी घ्यावीत. आणि प्रत्येक मापाखाली, माहीत असेल तिथे, मिस्त्रीचे नाव लिहावे.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः टेप घेऊन गेले. काका सोबत होते. कण्याची लांबी, नाळेची उंची, दर दोन हातांवर पोटाची रुंदी असे मी वहीत लिहीत होते. काका मात्र बाजूच्या फायबर बोटींच्या रांगेत शिरले होते. एकेका नाळेवर तळहात ठेवत, न उचलता मागे नेत ते पुढे जात होते. चौथ्या की पाचव्या बोटीपाशी थांबले. पुन्हा नाळेकडे आले, खाली वाकले आणि एक डोळा मिटून कण्याच्या रेषेवरून मागे पाहिले. मग मला हाक मारून माझा हात धरला आणि त्या गुळगुळीत निळ्या पोटाच्या उजव्या अंगाला एका जागी टेकवला. तिथे अगदी हलकासा फुगवटा होता. त्यांच्या एका लाकडी बोटीची ती खूण होती, म्हणाले, बाभळीचा एक वाक मनासारखा मिळाला नव्हता त्या वर्षी.

वहीत त्या बोटीचा क्रमांक लिहिला आणि त्यांना न विचारता त्याच्यासमोर त्यांचे पूर्ण नाव लिहिले. तेवढ्यात खाडीत पाणी चढायला लागले होते.